लेकीच्या घरचा करंट

माझ्या बाबांनी विजेची गाडी घेतली ती मुक्काम टाळायला. लोक पेट्रोल वाचवायला घेतात, शेजाऱ्याला दाखवायला घेतात. बाबांना फक्त एवढंच हवं होतं की दुपारी लेकीच्या घरी पोचावं आणि दिवेलागणीच्या आत आमगावला आपल्या घराचं कुलूप उघडावं. त्यासाठी माणूस म्हातारपणी गाडी शिकला.

बाबा म्हणजे दुधराम कंडक्टर. उभं आयुष्य एसटीत गेलं, पण कायम मागच्या दाराशी. स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. रिटायर झाल्यावर एकदा शेजारच्या उदारामनं त्यांना आपल्या पेट्रोलच्या गाडीत पुढे बसवून पाहिलं. क्लच सोडताना गाडीनं अशी उडी मारली की ती थेट उदारामच्याच भाताच्या तणसाच्या ढिगात शिरली. त्यानंतर तो विषय बंद होता. मग कोणीतरी सांगितलं की विजेच्या गाडीला क्लच नसतो, गिअर नसतो, पाय दाबला की चालते आणि उचलला की थांबते. नागपूरच्या एका डॉक्टरची जुनी गाडी विकायला होती. बाबा जाऊन घेऊन आले.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्या महाराष्ट्रात ज्याला एसटीचा पास आहे, त्यानं गाडी कशाला घ्यावी? तर आमगावहून माझ्या गावाला यायचं म्हणजे गोंदियाला गाडी बदला, मग कोहमाऱ्याला उतरा, मग सडक अर्जुनीच्या अलीकडे आत शिरा. येताना सगळं जमतं. परतीची शेवटची गाडी मात्र आली तर आली. आई गेल्यानंतरच्या पहिल्याच खेपेला ती आली नाही. फाट्यापासून माझं घर हाकेच्या अंतरावर नसलं तरी चालत येण्याएवढं जवळ होतं. बाबा फाट्यावरच्या चहाच्या टपरीत बाकावर बसून राहिले आणि शेवटी एका ट्रकमध्ये बसून गेले. मला हे दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. मी विचारलं, घरी का नाही परत आलात? तर म्हणाले, रात्री राहिलो असतो तर जेवावं लागलं असतं.

ही आमच्या घरची रीत. लेकीच्या पोटी नातवंड येईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. कोणी काढली, कधी काढली, देव जाणे. बाकीच्यांच्या घरी ती वर्ष-दोन वर्षांची गंमत असते. माझ्या चुलत बहिणीचं, प्रियाचं लेकरू झालं तेव्हा काका तिच्या घरी पहिल्यांदा पाणी प्यायले, तर सासरच्यांनी जिलेबी वाटली. फोटो काढले. तेच काका आता तिच्याकडे आठवडा-आठवडा लोळत असतात. माझ्या बाबतीत गंमत लांबली. लांबली म्हणजे लग्नात घेतलेली कपाटं गंजायला आली तरी बाबा आपले बाटली घेऊनच येतात.

आई होती तेव्हा याचं काही वाटायचं नाही. ती तिघांना पुरेल एवढं करून आणायची. छपरीच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, कडेला बसून ती गाठोडं सोडायची आणि मीच त्यांच्या घरचं जेवायची. माझ्या सासूबाई मंदाबाई सुरुवातीला आग्रह करायच्या, मग त्यांनी सोडून दिला. आई विहिणीला म्हणायची, इनबाई, नातू येऊ द्या, तुमच्या घरचे भांडे चाटून जाऊ. सगळ्या हसायच्या. तेव्हा नातू यायचाच होता ना.

आई गेली आणि गाठोड्याच्या जागी डबा आला. भात आणि बटाट्याची भाजी, दर खेपेला तीच. कधी खाली लागलेली. बाबा त्याच कडेला बसून तो डबा उघडत आणि समोरून जाणारी बाई विचारी, आले का वो तुझे बाबा, डबा घेऊन? ती बाई वाईट नव्हती. पण त्या डब्याचं झाकण निघालं की सगळ्या गल्लीला जाहीर व्हायचं, दिव्याला, म्हणजे मला, अजून काही नाही. बाबांच्या हे डोक्यातही नसायचं. ते आपले देवाच्या प्रसादासारखं मन लावून जेवत आणि बाटलीतल्या पाण्यानंच हात धूत. फोनची बॅटरी संपली तरी माझ्या घरी लावत नसत. फोन मेला तर मेला. मी एकदा चिडून म्हटलं, बाबा, माझ्या घरची हवा घेता ना, ती चालते का? तर म्हणाले, हवा देवाची आहे. सुंभ जळेल पण यांचा पीळ जायचा नाही, असं मी मनात म्हटलं आणि गप्प बसले.

तर अशा माणसाची ही गाडी. दिसायला पांढरी, गोंडस, चालताना आवाज नाही. पण बॅटरी जुनी. आमगावला छपरीत पॉवरच्या प्लगवर ती रात्रभर लावायची, तीही गावातले मोटरपंप बंद असले आणि व्होल्टेज धड असलं तर. भरली तर माझ्या घरी येऊन परत जाईल एवढी वीज तिच्यात मावायची, त्याहून फार नाही. म्हणून बाबा एसी लावत नसत. मे महिन्यात काचा खाली करून घामाघूम होऊन यायचे. हेडलाइट लागले की आणखी वीज जाते, म्हणून अंधाराआधी परतायचं. हमरस्त्यावर एका पंपाशेजारी चार्जिंगचं मोठं यंत्र बसलं आहे, पण ते नव्या गाड्यांचं. त्याचं तोंड बाबांच्या गाडीच्या तोंडात बसत नाही. बाबांनी तिथल्या माणसाशी बराच वाद घालून पाहिला.

त्यामुळे बाबा यायचे, पण येऊन बसायचे नाहीत. म्हणजे बसायचे, पण एक डोळा गाडीकडे. बोलता बोलता उठून आत डोकावून यायचे की काटा कुठे आहे. उभ्या गाडीची बॅटरी उतरत नाही हे मी सांगूनही त्यांना पटत नसे. कंडक्टरला बसचा टाइम तसा त्यांना तो काटा. मी काही मनातलं बोलायला जावं, तर ते म्हणत, चाल बाई, निघतो. मी रस्त्यापर्यंत जायचे. ती गाडी आवाज न करता वळणावर दिसेनाशी व्हायची. एसटी निदान घरघर करत जाते, गेली हे कानाला कळतं.

माझ्याकडे तरी कोण होतं? नवरा योगराज ट्रकवर. नागपूर-रायपूर, कधी त्याच्याही पुढे. घरी येतो तेव्हा दोन दिवस झोपूनच काढतो. बोलायला चांगला आहे, पण बोलायला असतो कधी? मी खिडकीशी शिवणाची मशीन मांडली आहे. ब्लाउज शिवते आणि रस्ता पाहते. बाबांना तिकडे कोण नाही, मला इकडे. मधे जंगल आणि एक थकलेली बॅटरी.

मागच्या पावसाळ्यात, मूल होण्यासाठी माझ्यावर उपचार करणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली. आता शरीराला त्रास देऊ नका, म्हणाल्या. बाई समजूतदार होत्या, बराच वेळ माझा हात धरून बसल्या. परतताना साकोलीला योगराजनं मला समोसे खाऊ घातले. घरी आल्यावर हातपाय धुताना तो म्हणाला, जाऊ दे, आपण दोघं हाओ ना. मंदाबाईंना सांगितलं तेव्हा त्या चुलीपुढून उठल्याच नाहीत. मग उठल्या आणि म्हणाल्या, बस झालं ते सुया टोचून घेणं. माझ्या सासूचा स्वभाव फटकळ आहे, पण त्या दिवसानंतर त्यांनी नातवाचा शब्द घरात काढला नाही. कोणी काढला तर त्या विषय मोडतात. आमच्या घरानं ते ओझं खाली ठेवलं होतं. राहिले होते फक्त बाबा. त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती आणि समोर आले की काटा आडवा यायचा.

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. गाडी जर माझ्या घरीच भरता आली, तर घाईच राहणार नाही. एसटीच्या कंडक्टरला सांगावं की गाडी आता उद्या सकाळी निघणार, तर तो निवांत होतो तसं. भात नका खाऊ, पाणी नका पिऊ. पण वीज काही खाण्याची वस्तू नाही. ती तारेतून येते. ती काही मी रांधलेली नाही. असा विचार करून मी स्वतःलाच पटवलं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, एकदा गाडीनं माझ्या घरचं घेतलं की मग बाबाही घेतील.

योगराजला फोनवर विचारलं, तो म्हणाला लाव. गोंदियाहून आलेला छोटेलाल वायरमन इकडेच काम करत होता. त्यानं घराच्या वायरी पाहून कपाळावर हात मारला. दीदी, इस पे मिक्सर चलता है वही बहुत है, म्हणाला. मग वीज ऑफिसात जाऊन घराचा भार वाढवून घ्या, मीटरपासून छपरीपर्यंत वेगळी जाड वायर ओढा, अंगणात खड्डा करून मीठ-कोळसा घालून अर्थिंग करा, सगळं झालं. छपरीच्या भिंतीला मोठा प्लग बसला. वर पावसाचं पाणी येऊ नये म्हणून पत्र्याची टोपी. छोटेलालनं बल्ब लावून पेटवून दाखवला. मी नुसती त्या बल्बकडे पाहत राहिले. आपल्या घरात आपल्या माणसासाठी काही केलं की कसं वाटतं, ते मला पहिल्यांदा कळत होतं.

मंदाबाई बाजूला सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. छोटेलाल गेल्यावर म्हणाल्या, "तुहा बाप आपल्या घरचा पाणी नाही पेत. करंट घेते का?"

मी म्हटलं, घेतील. त्या तांदळातले खडे काढत राहिल्या.

दिवाळी झाली आणि आमच्या गावची मंडई आली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. एकेका गावाचा एकेक दिवस. त्या दिवशी लेकी-जावई, सोयरेधायरे सगळे गावात येतात. दिवसा बाजार, पाळणे, जिलेब्या, आणि रात्री नाटक. ज्याच्या घरी पाहुणा मुक्कामाला नाही त्याच्या घराची मंडई झालीच नाही असं समजा. योगराज रायपूरच्या पुढे अडकला होता. शेजारच्या घरांत गाद्या कमी पडत होत्या आणि आमच्या घरात मी आणि मंदाबाई, दोघीच. मी बाबांना फोन केला. म्हटलं, या. गाडीचं मी पाहून घेते. ते म्हणाले, येतो.

दुपारी ते आले. मी मशीनवरूनच गाडी पाहिली आणि पदर खोचून बाहेर गेले. गाडी कुठे लावायची ते हातानं दाखवलं, पुढे, अजून पुढे, बस. थेट प्लगासमोर. बाबा उतरले. पांढरा सदरा, मंडईचा म्हणून इस्त्री केलेला, खिशाला पेन. एका हातात डबा, एका हातात बाटली. मी म्हटलं, बाबा, हे पाहा.

त्यांनी पाहिलं. जवळ जाऊन पाहिलं. पत्र्याच्या टोपीवरून हात फिरवला. वायर कुठून आली ते मान वर करून शोधलं, मीटरपर्यंत चालत गेले, अर्थिंगच्या खड्ड्याजवळ वाकले. काम चांगलं झालं म्हणाले. आमगावच्या घरी त्यांच्या वायरमननं असं केलं नाही म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी केबल काढायला गाडीची डिकी उघडूही लागले. तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"नोको बाई. मीटर तुमच्या घरचा फिरल ना."

मी म्हटलं, फिरू द्या. तो फिरण्यासाठीच बसवला आहे. ते म्हणाले, तसं नाही, रीत ती रीत, तुमच्या घरचं घेतलं असंच होते ते. मी समजावलं. घाई नको, रात्री नाटक आहे, सकाळी जा, डबा आहेच तुमचा, तोच खा. ते मान हलवत राहिले. आणि मग माझी समजूत काढायला म्हणून जे म्हणाले ते म्हणाले नसते तर बरं झालं असतं. म्हणाले, माही काळजी नोको करू. वाटेत गोरेगावच्या अलीकडे शालीकराम राहते, माझ्या एसटीवरचा जुना ड्रायव्हर. बॅटरी कमी वाटली तर मी त्याच्याकडे गाडी लावतो. दोन तास पडतो, चहापाणी होते, कधी जेवण बी होते. त्याची सून चांगली आहे.

मी डिकी सोडली. ती आपटली.

म्हणजे माझ्याकडून लवकर उठणारा माझा बाप वाटेत शालीकरामच्या घरी दोन-दोन तास पडत होता. शालीकरामची सून त्यांना जेवू घालत होती. तिथे काट्याची घाई नव्हती. मला शालीकरामच्या सुनेचा असा राग आला, जिला मी आयुष्यात पाहिलेलं नाही. माझ्या तोंडून जे निघालं ते गल्लीनं ऐकलं असणार, पण मंडईच्या भोंग्यात कोणाला काय कळलं असेल ते असो.

"परक्याच्या सुनेचं चालते, बाबा. लेकीचं काऊन नाही चालत? मी का बाटलेली आहो?"

बाबांचा चेहरा एकदम लहान झाला. ते तसं काही म्हणत नव्हते हे मला दिसत होतं, पण आता मला थांबायचं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही डबा उघडता तेव्हा ही सगळी गल्ली माझ्या पोटाकडे पाहते. वर्षानुवर्षं पाहते. सासू बोलत नाही, नवरा बोलत नाही, आणि माझा बाप येऊन बोलतो, न बोलता. मंदाबाई दारात आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या.

बाबा छपरीच्या कडेला बसले. नेहमीच्याच जागी. डबा मांडीवर धरला. बराच वेळ ते त्याच्या कडीशी खेळत होते. तिकडे मंडईतल्या पाळण्याचं गाणं चालू होतं आणि मला वाटलं आता उठतील आणि चाल बाई म्हणतील. पण ते बोलायला लागले. आईनं जाताना त्यांना सांगितलं होतं म्हणे, मी तर नाही पाहिलं, तुम्ही नातवाचं तोंड पाहूनच दिव्याच्या घरी जेवजा. मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं ही नुसती रीत, नुसता हट्ट.

"मी रीत पाळून राहिलो असं समजू नोको, बाई. मी वाट पाहून राहिलो. इथं जेवलो तं मी वाट पाहणं सोडलं असं होते. तुह्या आईले मी काय सांगू?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. राग कुठे गेला कळलं नाही. मी त्यांना डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. फाइल कशी मिटली ते सांगितलं. पावसाळ्यातली गोष्ट आणि आता धान कापायला आलं, इतके दिवस मी लपवलं, कारण मला फोनवर तुमचा आवाज ऐकवला नसता, तेही सांगितलं. योगराज काय म्हणाला ते सांगितलं. सांगताना मी रडले नाही. त्या गोष्टीचं माझं रडून झालं होतं. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. ते समोरच्या घराकडे पाहत होते, जिथे कोणाच्या तरी लेकीची लेकरं फुगे घेऊन धावत होती.

"सोडा आता, बाबा," मी म्हटलं. "आमी सोडली आशा. तुमी एकटेच धरून बसले."

बाबा उठले. डबा आणि बाटली उचलली, चपला घातल्या आणि गाडीकडे गेले. मी उठले नाही. मला वाटलं, चालले. अंधाराआधी पोचायचं आहे. त्यांना थांबवायला माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं. जे होतं ते सांगून झालं होतं. म्हाताऱ्याचा शेवटचा आधार आपण आपल्या हातानं काढून घेतला, तोही त्याला मंडईला बोलावून, एवढंच मनात येत होतं. मी जमिनीकडे पाहत राहिले. दार उघडल्याचा आवाज आला. मग डिकी उघडल्याचा.

मान वर केली तर बाबा केबल सोडवत होते. सुतळीची गाठ त्यांना सुटत नव्हती. मी मदतीला गेले नाही. का कोण जाणे, तो त्यांचा एकट्याचा प्रसंग होता असं वाटलं. गाठ सुटली. एक टोक त्यांनी गाडीत खोचलं. दुसरं हातात धरून ते प्लगासमोर उभे राहिले. किती वेळ उभे राहिले मी सांगू शकत नाही. मग लावलं आणि बटण दाबलं. गाडीतला हिरवा दिवा लुकलुकायला लागला. बाबांनी गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, कंडक्टर मारतो तशी, चल म्हणून. पण गाडी कुठे जाणार नव्हती.

ते परत आले. या वेळी कडेला बसले नाहीत. चपला काढल्या, छपरी ओलांडली आणि आत येऊन भिंतीशी मांडी घातली. इतक्या वर्षांत बाबांनी माझ्या घराची आतली खोली पाहिली नव्हती असं नाही, पण ते तिथे बसले कधी नव्हते. मंदाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग बाबा म्हणाले,

"बाई, पाणी आन."

मी माठातलं पाणी तांब्यात घेतलं. माझ्या लग्नातला तांब्या, तळाला आईचं नाव कोरलेला. बाबांनी तो घेतला. थेंबही न सांडता, न थांबता, सगळा प्यायले. गळ्याचं हाड वर-खाली होताना मी पाहत होते. तांब्या खाली ठेवला आणि सदऱ्याच्या बाहीनं मिशा पुसल्या.

मंदाबाई व्याह्यांना म्हणाल्या, "इवाई, वाढू का?" त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. बाबांनी मान डोलावली.

मी ताट घ्यायला स्वयंपाकघरात गेले. मंडईचा स्वयंपाक होता, भात, वरण, वांग्याची भाजी, वडे. सगळं मी सकाळपासून केलेलं, कोणी मुक्कामाला येईल म्हणून. जे मागितलं ते मिळालं होतं. बाप माझ्या घरात बसला होता, गाडी माझ्या घरी भरत होती, उद्या सकाळपर्यंत कुठे जाणार नव्हता. मी हसायला हवं होतं. मी भाताच्या पातेल्यात उलथनं घातलं आणि ते तिथेच धरून उभी राहिले. डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली तेव्हा मी जी रडले ती वेगळी. तेव्हाही आमगावला एक म्हातारा होता जो खालून लागलेला भात खात, बाटलीतलं पाणी पीत, माझ्या लेकराची वाट पाहत होता. मी त्याचा राग केला, पण तो वाट पाहत होता. आईच्या वाटणीची सुद्धा तोच पाहत होता. आता तो पाणी प्यायला होता आणि माझ्या लेकराची वाट पाहणारं या जगात कोणीच राहिलं नव्हतं.

बाहेरून मंदाबाईंनी हाक मारली, की इवाई थांबून राहिले. मी पदरानं तोंड पुसलं, ताट वाढलं आणि घेऊन गेले. बाबांनी पहिला घास भाताचा घेतला. तो चावून झाल्यावर ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, तुझ्या हातचं वरण तुझ्या आईसारखं झालं आहे. मी म्हटलं, अजून घ्या. त्यांनी घेतलं.